हात मोडल्यावर हाडवैद्याकडे जाण्याआधी

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, संध्याकाळची ओपीडी, बाहेर वीस-पंचवीस पेशंट बसलेले. नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील आणि मामा घेऊन आले. आंब्याच्या झाडावरून पडला होता. उजवं कोपर टरटरून सुजलेलं आणि तो हात डाव्या हातानं सांभाळून धरलेला. मी फिजिशियन आहे, हाडांचा डॉक्टर नाही. पण तालुक्याच्या गावात काहीही झालं की लोक आधी ओळखीच्या डॉक्टरकडे येतात. एक्स-रे काढला. दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडून मागे सरकलं होतं. मी चिठ्ठी लिहिली, "आजच्या आज जिल्ह्याच्या गावी हाडांच्या सर्जनला दाखवा, बहुतेक ऑपरेशन लागेल," असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ते जिल्ह्याला गेलेच नाहीत. ऑपरेशन हा शब्द ऐकून घरात सगळे हबकले. कुणीतरी शेजारच्या गावातल्या हाडवैद्याचं नाव काढलं. त्यानं हात ओढून 'बसवला', लेप लावला, चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि वरून पट्टी आवळली. मुलगा रात्रभर रडत होता. हाड बसताना दुखणारच, असं आधीच सांगितलेलं असल्यामुळे घरच्यांनी धीर धरला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रडणं कमी झालं. त्यांना वाटलं, गुण आला. तिसऱ्या दिवशी बोटं गार आणि काळीनिळी दिसायला लागली तेव्हा ते परत माझ्याकडे आले.

हात कापावा लागला नाही, एवढंच. कोपराखालचे स्नायू मेले होते. आता तो मुलगा कॉलेजात आहे. उजवं मनगट आत वळलेलं, बोटं आकसलेली. डाव्या हातानं लिहायला शिकला आहे, अक्षरही चांगलं काढतो.

त्याच्या वडिलांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. मी त्यांना चिठ्ठी दिली, पण कारण दिलं नाही. आजच्या आज का, ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, पट्टी बांधून घेतली तर काय होऊ शकतं, हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी त्या दिवशी दिली नाहीत. आज तुम्हाला देतो.

रडणं का थांबलं?

कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू वेगवेगळ्या कप्प्यांत बसवलेले असतात. कप्प्याचं आवरण चिवट असतं, ते ताणलं जात नाही. हाड मोडलं की आत रक्त साठतं, सूज येते आणि ती पहिले एक-दोन दिवस वाढतच जाते. उशीच्या अभ्र्यात मावेल त्यापेक्षा जास्त कापूस कोंबावा तसा कप्प्यातला दाब वाढतो. त्यात बाहेरून पट्टी आवळली, तर सुजेला जायला जागाच उरत नाही. मग आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला आम्ही कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतो.

रक्त बंद झाल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात. आधी भयंकर दुखतं. मार जेवढा दिसतो त्या मानानं फारच जास्त, आणि गोळी देऊनही न थांबणारं. बोटं हलकेच सरळ करून बघितली तर मूल किंचाळतं. पुढे मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. आणि नसा निकामी झाल्या की दुखणं कमी होतं. म्हणजे ज्या दुपारी त्या मुलाचं रडणं थांबलं, त्या दुपारी हात बरा होत नव्हता. तो मरत होता.

मेलेल्या स्नायूंच्या जागी दोरीसारखा कडक व्रण तयार होतो, तो आकसतो आणि बोटं पंज्यासारखी वळतात. रिचर्ड फॉन फोल्कमन नावाच्या जर्मन सर्जननं १८८१ मध्ये याचं वर्णन केलं आणि कारण म्हणून घट्ट पट्टीकडेच बोट दाखवलं. आजही या व्यंगाला त्याचंच नाव आहे. बोटं एकदा पूर्ण आकसली की पुढे कितीही ऑपरेशनं केली, कितीही व्यायाम केला, तरी पहिल्यासारखा हात मिळत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. मनगटाची नाडी लागते आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. कप्प्यातला दाब बारीक रक्तवाहिन्या बंद करण्याइतका वाढलेला असतानाही मोठ्या धमनीतून रक्त जात राहू शकतं. नाडीपेक्षा दुखण्यावर विश्वास ठेवा.

"पण आमचा हात तर त्यांच्याकडेच जुळला!"

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते खोटंही नसतं. हाड जोडण्याचं काम हाडवैद्य करत नाही आणि सर्जनही करत नाही. ते शरीर करतं. लहान मुलाच्या हाताचं हाड तीन-चार आठवड्यांत धरायला लागतं. मोठ्या माणसाच्या नडगीला चार महिने किंवा जास्तही लागतात. गळपट्टीचं हाड म्हणजे कॉलरबोन बऱ्याचदा नुसत्या झोळीत हात ठेवून जुळतं. बाहेरच्या माणसाचं काम एवढंच, की दोन टोकं एका रेषेत आणायची, जुळेपर्यंत ती हलू द्यायची नाहीत आणि हे करताना रक्तवाहिनीला, नसेला धक्का लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी हाडवैद्याला कधी जमतात, कधी नाही. तिसरी त्याच्या हिशेबातच नसते, कारण आत काय कुठे आहे ते त्याला दिसत नाही.

शिवाय त्याच्याकडे येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचं हाड मोडलेलंच नसतं. पाय मुरगळलेला असतो, लचक भरलेली असते, मुका मार असतो. हे दोन-तीन आठवड्यांत आंबेहळदीच्या लेपानंही बरं होतं आणि लेपाशिवायही. बाहेर मात्र सांगितलं जातं की मोडलेलं हाड जोडलं. आणि ज्यांचं बिघडतं ते पुन्हा त्याच्याकडे जात नाहीत, आमच्याकडे येतात. त्यामुळे आपला एकही पेशंट बिघडत नाही असं त्याला अगदी मनापासून वाटत असतं. मी आजवर जेवढ्या हाडवैद्यांशी बोललो त्यातला एकही लबाड वाटला नाही. बरेचसे पैसेही नारळ-पानसुपारीपुरतेच घेतात. धोका त्यांच्या नियतीत नाही. धोका त्यांच्याकडे पोचत नसलेल्या बातमीत आहे.

काही जण परंपरेचा दाखला देतात. देऊ द्या, पण मग पूर्ण द्यावा. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहेत. मोडलेल्या हाडांचे १२ आणि निखळलेल्या सांध्यांचे ६ प्रकार सांगितले आहेत. आधाराला झाडांच्या सालींच्या पट्ट्या वापरायला सांगितल्या आहेत. आणि त्याच ठिकाणी स्पष्ट म्हटलं आहे की पट्टी फार सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि त्वचेचा पाक होतो. पट्टी किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची तेही ऋतूप्रमाणे दिलं आहे, थंडीत सात दिवसांनी आणि कडक उन्हाळ्यात तीन दिवसांनी. भर मे महिन्यात कामट्या बांधून "पंधरा दिवस उघडायचं नाही" असं सांगणारा माणूस ही परंपरासुद्धा पाळत नसतो.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधलं. तिथेही हाडवैद्यांची घराणी होती. लिव्हरपूलमधले इव्हान थॉमस अशाच वेल्श घराण्यातले, हातगुण असलेले. त्यांनी आपल्या पाचही मुलांना डॉक्टर केलं. त्यातले ह्यू ओवेन थॉमस पुढे ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सेचे जनक मानले गेले. मांडीचं हाड मोडलेल्या पेशंटच्या पायाला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लोखंडी कड्याची जी लांब चौकट लावलेली दिसते, ती त्यांचीच, थॉमस स्प्लिंट. पहिल्या महायुद्धात तिचा वापर सुरू झाल्यावर मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आलं असं सांगितलं जातं. घराण्याची विद्या शाळेत गेली की काय होतं ते त्या बापाला कळलं होतं.

फिजिशियनच्या ओपीडीत येणारे

घट्ट पट्टीचे पेशंट शेवटी सर्जनकडे जातात. पण चोळण्याचे बळी आमच्या वाट्याला येतात, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पायाला मार लागून माणूस आठ-दहा दिवस पडून राहिला की पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी सुजते, ठणकते. 'शीर आखडली' म्हणून ती जोरात चोळली, की गुठळी सुटून थेट फुप्फुसात जाऊ शकते. पन्नाशीतला एक गृहस्थ असाच आमच्याकडे आणला गेला. चोळून घेऊन उठला, चार पावलं चालला आणि दम लागून खाली बसला. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. त्याच्या बायकोनं मला विचारलं होतं, "पाय दुखत होता, मग छातीला काय झालं?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मधुमेहाच्या जुन्या पेशंटचं पाऊल कधीकधी अचानक सुजतं, लाल आणि गरम होतं, पण त्या मानानं दुखत नाही. संवेदना गेलेल्या पावलातली हाडं नकळत मोडत असतात. याला शार्को फूट म्हणतात. अशा पावलाला विश्रांती आणि प्लास्टर लागतं. लचक समजून ते ओढलं, तुडवलं तर आतल्या हाडांचा चुरा होतो. वरून गरम लेप लावला तर कातडी भाजते आणि पेशंटला कळतही नाही. मधुमेह असेल आणि पाऊल सुजलं असेल, तर कोणाच्याही हातात पाय देऊ नका.

म्हातारी आजी मोरीत घसरते. उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. हा खुब्याजवळचा मोड असतो, आणि तिथे कुणालाही पट्टी बांधताच येत नाही. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालं तर आजी पुन्हा चालू शकते. 'या वयात कशाला' म्हणून तेल लावून अंथरुणावर ठेवलं, की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. पुढचं तुम्ही गल्लीत कुठे ना कुठे पाहिलं असेल.

कोपराला मार लागल्यावर जोरात मालिश केली तर स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचं आखडू शकतं. वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळची सूज आठवडे उलटले तरी उतरत नसेल, रात्री दुखत असेल, तर ती खेळताना लागलेल्या माराची नसून हाडाच्या कर्करोगाचीही असू शकते. ती चोळत बसण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. आणि जिथे हाड मोडून कातडी फाटली आहे तिथे लेप म्हणजे जंतूंना आमंत्रण. ते हाड तातडीनं धुवावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक लागतं.

आमच्याकडूनही चुकतं

लोक हाडवैद्याकडे अडाणी म्हणून जातात असं म्हणणं सोपं आहे. माझ्या पेशंटमध्ये मास्तर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, तेही जातात. कारण तो जवळ असतो, पहाटे पाचला उठून बघतो, हातानं चाचपून बघतो, घरच्या भाषेत बोलतो. आमच्याकडे ताटकळत बसायचं, एक्स-रे वेगळीकडे, बिल वेगळीकडे, आणि शेवटी डॉक्टर दीड मिनिट बोलणार. त्यात खर्चाची भीती. ही भीती खोटी नाही, आणि गरज नसताना प्लेट बसवली गेल्याच्या तक्रारीही सगळ्याच खोट्या नसतात. शंका असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण दुसरं मत त्याच दिवशी आणि सर्जनकडूनच घ्या.

खरं तर हाड मोडलेल्यांतल्या बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही, प्लास्टर पुरतं. त्या मुलाला लागलं असतं ते ऑपरेशनही 'फाडाफाडी'चं नव्हतं. भूल देऊन हाड सरळ करायचं आणि कातडीतून दोन-तीन बारीक तारा घालायच्या. तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच काढतात. त्याचे वडील मला नंतर म्हणाले, "मला वाटलं, हात कापून आत लोखंड घालणार." मी सांगितलंच नव्हतं, मग त्यांना काय वाटणार? सरकारी रुग्णालयात सोय असते, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. कोणती बसते ते योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

प्लास्टरनंही हात आवळला जाऊ शकतो, हे मान्य करायला हवं. फरक इतकाच, की चांगला सर्जन सूज असताना पूर्ण गोल प्लास्टर न घालता अर्धं प्लास्टर घालतो, काय झालं तर परत यायचं ते बजावतो, आणि तुम्ही रात्री दोनला गेलात तरी ते कापून सैल करता येतं. आमच्यातल्या कुणी तुम्हाला हे बजावलं नसेल तर विचारा, लाजू नका.

नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा आपल्या राज्यात १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी नुसत्या धाडींनी हे थांबेल असं मला वाटत नाही. एका गावातली पाटी उतरते, दुसऱ्या गावात लागते. इथिओपियात पारंपरिक हाडवैद्यांना एक दिवसाचं साधं शिक्षण दिल्यावर हातपाय सडून येणारे रुग्ण कमी झाल्याचा अनुभव आहे. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते असं शिक्षण म्हणजे मान्यता. मला वाटतं, मोडलेलं हाड त्यानं बघूच नये हे खरंच, पण उद्या सकाळी कुठलंतरी मूल त्याच्या ओट्यावर येणारच आहे, आणि त्या मुलाचा हात माझ्या तत्त्वापेक्षा मोठा आहे.

तेव्हा पडल्यापासून पहिले काही तास काय करायचं ते ऐका. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी आधी काढा, सूज आल्यावर ती कापावी लागतात. हात किंवा पाय आहे त्याच स्थितीत लाकडी पट्टी नाहीतर जाड वर्तमानपत्राच्या गुंडाळीला सैलसर बांधा, हाताला ओढणीची झोळी करा. ओढू नका, चोळू नका, 'जागेवर बसतंय का' बघू नका. जखम असेल तर स्वच्छ कापडानं झाका, त्यावर हळद, कॉफी, लेप काही नको. बर्फ कापडात गुंडाळून लावा. मोड मोठा वाटत असेल तर चहा-बिस्किटही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आणि पट्टी आधीच बांधून झाली असेल तर? बोटांकडे बघा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं गार, निळी, पांढरी किंवा बधिर असतील, ती सरळ केल्यावर जीव जात असेल, गोळी घेऊनही दुखणं वाढतच असेल, तर सकाळची वाट बघू नका. कात्री घ्या आणि कामट्या, पट्टी, आतला कापूस, सगळं कातडीपर्यंत उघडा. हाड थोडं हललं तरी चालेल, ते नंतर बसवता येतं. हात छातीच्या पातळीवर ठेवा, फार वर टांगू नका, बर्फ लावू नका आणि तसेच हॉस्पिटल गाठा. प्लास्टर असेल तर ते घरी फोडत बसू नका, पण त्याच वेळी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला जा.

त्या मुलाच्या प्रकारानंतर सहा महिन्यांनी मी त्या हाडवैद्याला भेटायला गेलो होतो. भांडायला गेलो होतो, खरं सांगायचं तर. त्यानं चहा दिला. मुलाच्या हाताचं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो हात जुळून गेला असेल याच समजुतीत होता. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. बराच वेळ तो फोटो बघत बसला. मग त्यानं विचारलं, "बोटं अशी होणार हे आधी कसं ओळखायचं?" मी त्याला तेच सांगितलं जे वर लिहिलं आहे. आता लहान मुलाचं कोपर आलं की तो हातही लावत नाही, एक्स-रे काढायला माझ्याकडे पाठवतो. मोठ्यांच्या पायांना मात्र अजून पट्ट्या बांधतो, आणि त्यावरून आमची अजूनही वादावादी होते.